गाभ राहतो, पण टिकत नाही

2024 च्या आषाढात आमच्या घरातले सगळे धरून चालले होते की आमची घोडी चांदणी चार महिन्यांची गाभण आहे. फाल्गुनात तिला घोडा दाखवला होता. सोळाव्या दिवशी सोनोग्राफीत गोल काळा ठिपका दिसला होता आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्यात काळीज लुकलुकताना मी स्वतः पाहिलं होतं. त्यानंतर ती एकदाही माजावर आली नाही. आबांनी चंदी वाढवली, हरभरा वेगळा भिजवायला लागले. पुन्हा तपासून घेऊ असं मी दोनदा म्हटलं. "माज बंद म्हणजे गाभण. त्यात मशीन काय लावायचं?" हे आबांचं चाळीस वर्षांचं गणित. गाई-म्हशींमध्ये ते बहुतेक वेळा बरोबर येतं, म्हणून मीही गप्प बसले.

श्रावण लागायच्या आत तालुक्याचे डॉक्टर शेजारच्या गाईसाठी आले होते. चहाला बसले असताना मी त्यांना म्हटलं, जरा हिलाही बघता का. त्यांनी हात घातला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, पिशवी रिकामी आहे. गाभ आज-काल गेलेला नाही, लई दिवस झाले असणार."

आबा उठून गोठ्यात गेले आणि चांदणीच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभे राहिले.

चांदणी आमच्याकडे आली 2012 च्या दत्तजयंतीला. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून आबांनी तिला आणलं तेव्हा ती चार वर्षांची होती. कुमेत रंगाची, कपाळावर पांढरी चांदणी, कान मारवाडी घोड्यांचे असतात तसे आत वळून एकमेकांना टेकणारे. आमचं गाव घोड नदीच्या काठी, आंबेगाव तालुक्यात. इकडे बैलगाड्यापुढं घोडी पळते, आणि आबांनी तिला घाटासाठीच, म्हणजे शर्यतीसाठीच घेतली होती. दीडच वर्ष ती पळाली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली आणि चांदणी दावणीला आली. त्या काळात तिला दोन शिंगरं झाली, 2015 मध्ये नर आणि 2017 मध्ये मादी. नर विकला. मादी चपळा, ती अजून आमच्याकडे आहे. मग मधली पाच वर्षं चांदणीला कुणी घोडा दाखवला नाही. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि आबांच्या मनाने घेतलं की चांदणीचं आणखी एक शिंगरू हवं. तेव्हा तिला चौदावं लागत होतं.

2022 मध्ये दोनदा घोडा दाखवला, दोन्ही वेळा ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. कुणाच्या तरी सांगण्यावरून एक माणूस येऊन तिची पिशवी 'धुऊन' गेला, एकदा नाही तर तीनदा. आत काय सोडलं हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हात कोपरापर्यंत धुतला होता का, हेही आज मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचं वाईट वाटतं. 2023 मध्ये चौदाव्या दिवशी 'गाभण' असा निकाल आला, तिसाव्या दिवशी आत काहीच नव्हतं. 2024 चं वर सांगितलं.

तीन वर्षं आम्ही एकच प्रश्न विचारत होतो, घोडी गाभ का धरत नाही. घोडा बदलला, तारखा बदलल्या, चारा बदलला. प्रश्नच चुकीचा होता, हे कळायला पुण्याच्या बाजूच्या स्टड फार्मवर काम करणारे एक डॉक्टर भेटावे लागले. मी त्यांना फोनवर सगळी हकिगत सांगितली. ते मधेच म्हणाले, "ताई, थांबा. तुमची घोडी गाभ धरतेय. निदान एकदा तरी नक्की धरलाय. तिला तो टिकवता येत नाहीये. ही दोन वेगळी दुखणी आहेत."

माज बंद का राहिला होता, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. ते प्रत्येक घोडीवाल्याला माहीत असायला हवं असं मला वाटतं. गाभ साधारण पस्तीस-छत्तीस दिवसांचा झाला की गर्भाच्या वेष्टणातल्या काही पेशी आईच्या पिशवीत रुजतात आणि तिथे वाट्यांसारख्या छोट्या गाठी तयार होतात. त्या गाठी एक संप्रेरक तयार करतात. पुढे गर्भ मेला तरी गाठी लगेच जात नाहीत, जवळपास एकशेवीस दिवसांपर्यंत आपलं काम करत राहतात. त्यामुळे घोडी नीट माजावर येत नाही. रक्त तपासलं तर तेही गाभण असल्यासारखं दिसू शकतं. म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या आसपास गाभ गेला तर गर्भही जातो आणि त्यासोबत अख्खा हंगामही. आम्ही अठ्ठाविसाव्या दिवसानंतर तपासलं नव्हतं. पंचेचाळिसाव्या आणि साठाव्या दिवशी पाहिलं असतं तर कळलं असतं.

डॉक्टर पहिल्यांदा आले ते जानेवारी 2025 मध्ये. मला वाटलं होतं, त्याच दिवशी सगळं उरकेल. त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, अंडाशयं झोपलेली आहेत. घोडी ही मोठ्या दिवसाची जनावरं. थंडीत दिवस लहान असतो तेव्हा बऱ्याच घोड्यांचं चक्र थांबतं, संक्रांतीनंतर उजेड वाढत गेला की हळूहळू सुरू होतं. पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायचा तर ती चक्रात असायला हवी. झोपलेल्या काळात अस्तरातल्या ग्रंथी आक्रसलेल्या असतात, मग आक्रसलेलं काय आणि बिघडलेलं काय हे काचपट्टीवर नीट उमगत नाही. आबांना हे थांबणं पटलं नाही. "आलेत तर करून टाका की!" पण डॉक्टर ठाम राहिले.

तेवढ्यात त्यांनी बाकीची पाहणी मात्र केली. शेपटी बाजूला धरून ते बराच वेळ मागून पाहत होते. म्हातारी, उतरलेली घोडी असली की गुदद्वार आत ओढलं जातं, योनीचं तोंड उभं न राहता आडवं कलतं आणि शेण, वारा आत जातो. चांदणीचं तोंड उभं होतं, कडा घट्ट मिटत होत्या. ही बाजू ठीक होती. माझ्याकडून त्यांनी एक कागद भरून घेतला: वय, किती वेळा व्याली, शेवटचं शिंगरू कधी, वार वेळेवर पडली होती का, किती हंगाम रिकामे गेले, आत काय काय सोडलं गेलं. शेवटच्या रकान्यात मी 'माहीत नाही' लिहिलं.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात ते पुन्हा आले. चांदणी तोवर एकदा माजावर येऊन गेली होती, त्यालाही आठ दिवस झाले होते.

आमच्याकडे लोखंडी खोडा नाही. बैलांना पत्री मारताना वापरतात तो लाकडी सांगाडा आबांनी दोन दिवस खपून उंच केला, मागच्या बाजूला पोत्यात पेंढा भरून बांधला, म्हणजे लाथ आलीच तर मऊ लागेल. शेपटीला पट्टी गुंडाळून ती वर बांधली. मग धुणं सुरू झालं. आयोडीनचा साबण, स्वच्छ पाणी, पुसणं. पुन्हा साबण, पुन्हा पाणी. तीन वेळा, कापसावर मळ दिसेनासा होईपर्यंत. शेवटी कोरडं केलं. ते धुणं पाहताना मला 2022 चे ते तीन दिवस आठवत राहिले.

आधी सोनोग्राफी. ती गाभण नाही याची खात्री केल्याशिवाय आत काहीही घालायचं नाही, हा पहिला नियम. चांदणीला तर त्या वर्षी घोडा दाखवलाच नव्हता, तरी त्यांनी पिशवीची दोन्ही शिंगं, म्हणजे शिंगांसारखे दोन फाटे, टोकापासून टोकापर्यंत पाहिली. उजव्या शिंगाच्या बुडाशी एक आणि डाव्या शिंगात मधोमध एक, असे दोन गोल काळे ठिपके दिसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे तर गाभासारखंच दिसतंय!"

"त्यासाठीच मोजून ठेवतोय," ते म्हणाले. ते पाण्याचे फोड होते, अस्तरात तयार होणारे, वय झालेल्या घोडीत बऱ्याचदा सापडणारे. चौदा दिवसांचा गर्भ आणि असा फोड पडद्यावर अगदी सारखे दिसू शकतात. फरक असा की गर्भ रोज तीनेक मिलिमीटरने वाढतो आणि सोळाव्या दिवसापर्यंत पिशवीभर हिंडत असतो. फोड जागचा हलत नाही आणि चार दिवसांनी पाहिला तरी तेवढाच असतो. म्हणून हंगामाआधीच फोडांचा नकाशा काढून ठेवायचा. त्यांनी दोन्हींची मापं आणि जागा वहीत लिहिली. 2023 मध्ये चौदाव्या दिवशी आम्हाला दाखवलेला ठिपका गर्भ होता की उजव्या शिंगाच्या बुडाचा हा फोड, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले होते.

त्यानंतर स्वॅब. लांब नळीत नळी, तिच्या आत कापसाची काडी. बाहेरचे जंतू चिकटू नयेत म्हणून ती आत गेल्यावरच उघडते. एक काडी जंतू वाढवून पाहायला, दुसरी काचेवर फिरवून पेशी पाहायला. नुसते जंतू वाढले म्हणजे दुखणं आहे असं नाही, ते बाहेरूनही आलेले असू शकतात. जंतूंसोबत पू-पेशीही दिसल्या तर खरं दुखणं. गर्भपिशवीचं तोंड त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. बाळंतपणात ते फाटलेलं असेल तर मिटत नाही. चांदणीचं नीट मिटत होतं.

आता ज्यासाठी आलो होतो ते.

ते हत्यार पाहून माझ्या पोटात गोळा आला. हाताच्या लांबीहून मोठी, पाऊण मीटरच्या आसपासची पोलादी दांडी आणि टोकाला मगरीच्या तोंडासारखा छोटा जबडा. जबडा मिटवून, दांडी हातमोज्यातल्या मुठीत झाकून त्यांनी ती योनीतून आत नेली, बोटाने वाट दाखवत गर्भपिशवीच्या तोंडातून पुढे सरकवली. मग तो हात बाहेर काढला, मोजा बदलला आणि गुदमार्गातून आत घातला. आता दांडी एका हातात होती, आणि दुसऱ्या हाताने ते आतड्याच्या भिंतीतून पिशवी चाचपून दांडीचं टोक शोधत होते. शिंग आणि पिशवीचं धड जिथे जुळतं त्या जागी त्यांनी जबडा उघडला, वरून बोटाने पिशवीची भिंत त्यात दाबली आणि मिटला. एक छोटा हिसका. बस.

मी चांदणीच्या तोंडाशी होते, म्होरकी धरून. तिने कान फिरवले, पापणीसुद्धा नीट हलवली नाही. डॉक्टर म्हणाले, या अस्तराला दुखणं कळत नाही, म्हणून भूलही लागत नाही. मला आधी ते खरं वाटत नव्हतं. पण माशी बसली तरी कातडी थरथरवणारी ही घोडी, तिने पाय उचलला नाही.

निघालेला तुकडा तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा होता. गुलाबी, ओलसर. चिमट्याने धरला तर चेपतो, म्हणून त्यांनी बारीक सुईच्या टोकाने तो अलगद उचलून पिवळ्याधमक द्रावणात सोडला. बूइनचं द्रावण. साध्या फॉर्मेलिनमध्येही ठेवता येतो, पण यात अस्तराची ठेवण जास्त चांगली राहते म्हणाले. झाकण लावताना माझ्या बोटाला थेंब लागला, तो पिवळा डाग चार दिवस गेला नाही. शाळेत पोरींनी हळद लागली का म्हणून विचारलं.

एवढ्याशा तुकड्यावरून एवढ्या मोठ्या पिशवीचं कसं कळणार, हे आबांनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की हा बिघाड बहुतेक वेळा पिशवीभर पसरलेला असतो, त्यामुळे हाताला कुठे वेगळं काही लागत नसेल तर एका जागेचा तुकडा पुरेसा मानतात. आबा म्हणाले, "भाताचं शीत." ते त्यांना लगेच पटलं, आणि मला डॉक्टरांच्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त समजलं.

अहवाल यायला बारा दिवस लागले. मधल्या काळात स्वॅबचा निकाल आला: जंतू वाढले नाहीत, पू-पेशी नगण्य. मला फार बरं वाटलं. मी आबांना म्हटलंही, काही दोष नाही. ते बोलणं माझं घाईचं होतं.

अहवालात वर्गवारी होती: दोन-ब.

घोडीच्या पिशवीची ही वर्गवारी रॉबर्ट केनी या अमेरिकी पशुवैद्यांनी 1978 मध्ये मांडली आणि 1986 मध्ये केनी व डॉइग यांनी मधल्या वर्गाचे दोन भाग केले. पहिल्या वर्गातल्या घोडीला नीट काळजी घेतली तर शिंगरू मिळण्याची शक्यता 80 ते 90 टक्के. दोन-अ मध्ये 50 ते 80. दोन-ब मध्ये 10 ते 50. तिसऱ्यात दहाच्याही खाली. अहवालात लिहिलं होतं की ग्रंथींभोवती व्रणतंतूंचे (जखमेच्या वणासारख्या राठ धाग्यांचे) थर आहेत, बऱ्याच ठिकाणी चार ते दहा पदरी, आणि दर दृष्टिक्षेत्रात दोन ते चार ग्रंथींची 'घरटी' दिसतात. म्हणजे सुट्या सुट्या असायच्या त्या ग्रंथी झुबक्याने एकत्र अडकून त्यांच्याभोवती व्रणाची भिंत झालेली. वर्ग ठरवताना ही घरटीही मोजतात. पाच किंवा जास्त दिसली की तिसरा.

डॉक्टरांनी काचपट्टीचे फोटो माझ्या फोनवर पाठवले होते. एक नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगातला, दुसरा खास रंगवलेला, ज्यात व्रणतंतू निळे दिसतात. संध्याकाळी मी आबांना तो दुसरा दाखवला. शेजारी तुलनेसाठी त्यांनी एका तरण्या घोडीचा फोटो दिला होता. तरण्या घोडीच्या अस्तरात ग्रंथींची गोल गोल तोंडं मोकळी पसरलेली, मधली जागा मऊ, फिकट. चांदणीच्या फोटोत प्रत्येक झुबक्याभोवती निळी दोरी गुंडाळल्यासारखी. काही ग्रंथींची तोंडं आवळून बारीक झालेली, काही आत तुंबून फुगलेल्या.

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग म्हणाले, "झऱ्याला चुनखडी धरलीय."

आमच्या जुन्या विहिरीचं असंच झालं होतं. झरा आटला नव्हता, तोंडाशी खडी धरून पाणी यायचं कमी झालं होतं. मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की याहून चांगलं त्यांनाही सांगता आलं नसतं. गर्भ पाच-सहा दिवसांचा असताना नळीतून पिशवीत उतरतो. तेव्हा त्याला वार नसते. कित्येक आठवडे तो या ग्रंथींतून झिरपणाऱ्या रसावर जगतो, त्याला पिशवीचं दूधच म्हणतात. झरा आवळलेला असेल तर पहिले काही दिवस, गर्भ मोहरीएवढा-बोराएवढा असताना, तेवढ्यावर भागतं. पुढे भूक वाढते आणि दूध पुरत नाही. शिवाय घोडीची वार गाईसारखी नसते. गाईच्या वारेला बोंडं असतात, ठराविक जागी चिकटतात. घोडीची वार पिशवीच्या सगळ्या अस्तरावर मखमलीसारखी पसरून धरते. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास धरायला सुरुवात होते आणि ती पकड पुरती बसायला चार-पाच महिने लागतात. अस्तर जिथे जिथे व्रणाचं, तिथे पकड कच्ची. आमच्या 2024 च्या गाभाचं काय झालं असेल ते मला त्या एका फोटोत दिसलं.

मी विचारायचं ते विचारलंच: औषध काय?

व्रण गेलाय असं खात्रीने दाखवता येईल असं औषध नाही. खरवडून पाहिलंय, निरनिराळी द्रावणं घालून पाहिलीत, रॉकेलसुद्धा घालून पाहिलंय परदेशात. सूज आणि संसर्ग असेल तर तो बरा करता येतो, आणि बऱ्याच घोड्यांचा वर्ग त्याने सुधारतो. चांदणीला संसर्गच नव्हता. ज्या निकालाने मला आनंद झाला होता त्याचा अर्थ हा होता, की बरं करण्यासारखं काही सापडलं नाही. मग मी 2022 च्या त्या धुण्याबद्दल विचारलं. त्याने झालं का हे? डॉक्टर म्हणाले, तसं म्हणता येणार नाही. यात वयाचा वाटा सगळ्यात मोठा. एकही शिंगरू न झालेल्या म्हाताऱ्या घोड्यांतही हे व्रण सापडतात. पण न तपासता आत काहीबाही सोडलं तर भलं नक्कीच होत नाही.

गर्भ दुसऱ्या घोडीत ठेवायचा मार्ग त्यांनी समजावून सांगितला. सातव्या-आठव्या दिवशी गर्भ धुऊन काढायचा आणि त्याच सुमाराला अंडं सुटलेल्या तरण्या घोडीच्या पिशवीत ठेवायचा. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेरमधल्या शाखेत 19 मे 2023 रोजी याच पद्धतीने मारवाडी मादी शिंगरू जन्मलं, त्याचं नाव राज-प्रथमा. गोठवलेल्या गर्भापासूनही त्यांनी नंतर शिंगरू मिळवलं. चांदणीसारख्या घोडीसाठी हा सर्वात सरळ रस्ता आहे हे मला मान्य आहे. पण त्यासाठी एकाच वेळी माजावर आणलेल्या दोन-तीन घोड्या सांभाळायला हव्यात, आणि सतरा वर्षांच्या घोडीचं अंडंही तिच्याच वयाचं असतं. आमच्या गोठ्यात चांदणी आणि चपळा, एवढ्याच.

आबांनी दोन दिवस काही ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एकदा. सगळं त्यांच्या पद्धतीनं. मग तिला त्रास नाही."

धुळवडीनंतरच्या आठवड्यात चक्र आणण्याचं इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटांत चांदणी घामाने निथळली, पोटाकडे मान वळवून पाहू लागली. मी घाबरले. डॉक्टरांनी आधी बजावलं होतं की असं होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं, आणि तसंच झालं. पण आधी सांगितलं नसतं तर मी रस्त्याने धावत सुटले असते. माजावर आल्यावर रोज सोनोग्राफी. अंडं ज्यात वाढतं तो बीजकोश चाळीस मिलिमीटरला आला तेव्हा अंडं सुटायचं इंजेक्शन, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी घोडा. एकदाच. दर संयोगानंतर पिशवीला थोडी सूज येतेच. निरोगी घोडी ती एक-दोन दिवसांत स्वतः निस्तरते. म्हाताऱ्या घोडीची पिशवी पुढे लोंबते, पाणी साठून राहतं. म्हणून सहा तासांनी कोमट सलाईनने पिशवी धुतली, बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत, आणि नंतर पिशवी आवळण्याचं इंजेक्शन.

पंधराव्या दिवशी गर्भ दिसला. वहीतल्या दोन्ही फोडांची जागा सोडून, तिसराच. अक्षय्य तृतीयेला, एकोणतिसाव्या दिवशी, काळीज दिसलं. आबांनी त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी गर्भ पडद्यावर होता, पण काळीज हलत नव्हतं. भोवतीचं पाणी गढूळ दिसत होतं. डॉक्टरांनी दोन-तीन बाजूंनी पाहिलं, मशीन बंद केलं आणि आबांकडे न बघता वायर गुंडाळत राहिले. आबाच म्हणाले, "यंदा निदान आमच्या डोळ्यांसमोर कळलं." मग त्यांनी चांदणीच्या शेपटीची पट्टी स्वतः सोडली.

गावात कुणी चांदणीला वांझ म्हटलं की आबा आता फोन काढायला लावतात मला. तो निळा फोटो दाखवतात. दोन शिंगरं दिली तिने, आणि त्यानंतर दर वेळी आपल्याकडे होतं तेवढं दूध पाजलं, असं सांगतात. ऐकणारा कंटाळला तरी सांगतात.

या वर्षी चपळाला नऊ वर्षं पूर्ण होतील. अजून एकदाही घोडा दाखवलेला नाही. आई चौदाची होईपर्यंत आम्ही थांबलो तसं तिचं करायचं नाही, हे दोघांनी ठरवलंय. तिला आत्ताच तुकडा काढायची गरज नाही, असं डॉक्टरांचं मत आहे. स्वॅब, सोनोग्राफी आणि फोडांचा नकाशा पुरे. संक्रांत होऊन गेली. ती परवापासून चांदणीच्या अंगावर मान टाकून उभी राहते आणि नदीपलीकडून घोडा खिंकाळला की शेपटी उचलते. डॉक्टर रविवारी येणार आहेत. आबांनी सांगाड्याचं पोतं नव्या पेंढ्याने भरलंय, आणि शेपटीची पट्टी मी धुऊन दोरीवर वाळत घातली आहे.